एकोणीस दिवस

टेबलावर चढल्या चढल्या कुत्र्यानं आपणहून पंजा पुढे केला. नऊ वर्षं लसीच्या वेळी तो असंच करायचा. डॉक्टरीणबाईंनी डोळे, दात, छाती पाहिली. सगळं ठणठणीत.

"काय होतंय याला?"

"याला काही नाही," मालक म्हणाला. "आम्हीच परदेशी चाललोय. तिथल्या घरात कुत्रा चालत नाही. म्हटलं, रस्त्यावर हाल होण्यापेक्षा तुम्हीच सुई देऊन टाका. शांतपणे जाईल."

बाईंनी पंजा हळूच खाली ठेवला. "मला नाही जमायचं. विनाकारण मारलेली चिमणीसुद्धा कयामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करते, असं आम्हाला शिकवलंय. हा तर एवढा थोरला जीव."

मालक हसला. "तुम्ही लोक तर बकरे कापता, मॅडम."

"खायला कापतो. अडचण झाली म्हणून नाही."

तो वरमला नाही. साखळी टेबलाच्या पायाला अडकवली, "मग सांभाळा तुम्हीच," म्हणाला आणि चालता झाला.

संध्याकाळी बाई कुत्र्याला घेऊन घरी गेल्या. सासूबाईंनी दारच अडवलं. "घरात नमाज होते. याला कुठे आणतेस?"

"अम्मी, तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून त्या माणसाचे गुन्हे माफ झाले. तुम्हीच सांगता ना ती गोष्ट?"

"पाणी पाजलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "घरी नव्हतं आणलं."

कुत्रा दवाखान्यातल्या पिंजऱ्यात राहिला. बाईंनी ओळखीतल्या एकालाही सोडलं नाही. जो तो आधी वय विचारायचा, मग हळहळायचा. पिल्लू असेल तर कळवा, म्हणायचा. इकडे कुत्र्यानं खाणं सोडलं. बाईंनी हातानं भरवून पाहिलं, सलाईन लावलं, जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ फरशीवर बसून राहिल्या. तो दाराकडे तोंड करून पडलेला असायचा. पंधराव्या दिवशी कावीळ दिसली. मग पाय गेले. मग नुसतं कण्हणं. एकोणिसाव्या दिवशी, आता इलाज उरला नाही हे पाहून, बाईंनी स्वतःच सुई भरली.

महिन्याभरानं मालकाचा फोन आला. "रमला का हो आमचा?"

बाईंनी काय झालं ते सांगितलं.

मग त्यानं विचारलं, "हाल झाले का त्याचे?"

"झाले. एकोणीस दिवस."

"बघा. मी त्याच दिवशी सांगत होतो."

बाईंनी फोन ठेवला आणि दार उघडलं.

बाहेर बाकावर एक बाई मांडीवर खोकं घेऊन बसली होती. खोक्याला श्वासापुरती भोकं पाडली होती आणि वरून चिकटपट्टीचे चार वेढे दिले होते. डॉक्टरीणबाईंना पाहताच ती म्हणाली, "आम्ही घर बदलतोय."