धोंडीरामांचं हसू

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली तरी वत्सलाबाईंनी नवऱ्याचा दंड सोडला नाही.

"अहो, पुन्हा विचारते. जायचंच का? खाली रिक्षा अजून उभी असेल."

धोंडीराम डावा पाय ओढत पुढे निघालेसुद्धा. झटका आल्यापासून त्यांची जीभ जड झाली होती. दिवसाकाठी चार-दोन शब्द निघत. "चंदर," ते म्हणाले. तीन दिवस हाच शब्द धरला होता त्यांनी. आज तर सकाळपासून चपला घालून दाराशी बसले होते.

जिभेचं काही नव्हतं. भीती हसण्याची होती. आजारात हसण्या-रडण्यावरचा मेंदूचा ताबा सुटलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. जीव कळवळला की यांना हसू फुटणार, आणि ते यांच्या हातात नाही. शेजारचं पोर जिन्यावरून पडून रक्तबंबाळ झालं, तेव्हा हे खदाखदा हसले होते. तेव्हापासून वत्सलाबाईंनी त्यांना माणसांत नेणंच बंद केलं. कारण कुणाला सांगितलं नाही. सातपूरच्या कारखान्यात ज्यांच्याबरोबर यांनी तीस वर्षं एका डब्यात जेवण केलं, त्या चंदररावांनाही नाही.

दार उघडंच होतं. सतरंजीवर पाच-सहा माणसं बसली होती. कोपऱ्यात दक्षिणेकडे वात केलेला दिवा. चंदररावांची बायको, सगुणा, जाऊन आज सहावा दिवस. चंदरराव भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

दोघं समोर टेकली आणि चंदरराव बोलू लागले.

"साडेचारला चहा मागितला. दोन घोट घेतले. म्हणाली, साखर कमीय. पाचला गेली."

स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात, तसा आवाज. त्यांच्या मुलाची, हर्षलची बायको तेजस्विनी वत्सलाबाईंच्या कानाशी वाकली. "काकू, येईल त्याला हेच सांगतात. सहा दिवसांत एक टिपूस नाही. हर्षल म्हणतो, डॉक्टरांना दाखवू. मला तर धडकीच भरलीय."

वत्सलाबाईंचं अर्धंच लक्ष होतं. धोंडीरामांची हनुवटी थरथरायला लागली होती. पदराआडून त्यांनी नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला. चांगला जोरात.

हसू फुटलंच. आधी नाकातून, मग तोंड उघडून, खोलीभर.

"काका!" तेजस्विनी ताडकन उठली.

"अहो, बाहेर न्या त्यांना," भिंतीकडचे एक गृहस्थ म्हणाले. "कुठं आलोय, काही भान?"

वत्सलाबाईंनी पदराचा बोळा नवऱ्याच्या तोंडावर दाबला. "नका हो... तसं नाहीये ते... मी सांगते..." पण सांगता येईना. इतके दिवस लपवलेलं एका वाक्यात कसं सांगायचं, तेच सुचेना.

चंदरराव भिंतीचा आधार घेत उठले. संपलं, वत्सलाबाईंच्या मनात आलं. तीस वर्षांचं सगळं आज इथं संपलं. त्यांनी मान खाली घातली.

चंदरराव समोर येऊन उकिडवे बसले. हलकेच पदर बाजूला केला. हसणाऱ्या तोंडाकडे पाहिलं, मग वर डोळ्यांकडे. तिथे बराच वेळ पाहत राहिले.

"धोंड्या," ते म्हणाले, "सगुणा म्हणायची, भाऊजींचे दात काही या जन्मात बघायला मिळत नाहीत. म्हणायची, एवढं काय तोंड बांधून..."

धोंडीरामांच्या खांद्यावर डोकं टाकून त्यांनी हंबरडा फोडला. धोंडीरामांचा चांगला हात त्यांच्या पाठीवर गेला. हसू थांबत नव्हतं. दोघांची अंगं सारखीच गदगदत होती.

"झटक्यामुळे होतं गं असं," वत्सलाबाई पुटपुटल्या.

"मग आधी सांगायचं ना, काकू," तेजस्विनी म्हणाली आणि तोंड फिरवून पाणी आणायला गेली.

तासाभराने दोघं उठली. सुतकाच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही, आणि घरचेही 'या' म्हणत नाहीत. वत्सलाबाई मुकाट्याने नवऱ्याला लिफ्टपर्यंत घेऊन आल्या. मागून अनवाणी पावलं वाजली.

"वहिनी, उद्या आणाल याला?"

"बाबा, असं बोलवत नसतात," तेजस्विनी दारातून म्हणाली.

वत्सलाबाई घुटमळल्या. "उद्या तुमचे सटाण्याचे पाहुणे यायचेत, भाऊजी. चारचौघांत पुन्हा असं झालं तर..."

त्या नवऱ्याला घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्टचं दार मिटायला आलं आणि अडखळून पुन्हा उघडलं. पुन्हा मिटायला आलं, पुन्हा उघडलं. चंदररावांनी लिफ्टच्या उंबऱ्यात पाय ठेवला होता.