बास, पोट भरलं
स्वयंपाकघरातल्या कपाटाला आईने कुलूप घातलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. किल्ली तेव्हापासून तिच्या गळ्यात. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती दोनशे माणसांना आग्रह करकरून वाढायची, "घ्या हो, अजून एक पळी," आणि घरी आली की माझ्या हातातला बिस्किटांचा पुडा हिसकावून घ्यायची. "जिभेचे चोचले पुरे! मी नाही राहत अर्धपोटी?" राहायची खरी, तरी बसमध्ये दोघांची जागा एकटीलाच लागायची. आज मी एकोणतीस वर्षांची, एकशे बारा किलोंची, तिच्याच शेजारी बसून आम्हा दोघींच्या रक्ताचा रिपोर्ट ऐकत होते. डॉक्टर म्हणाल्या, "जेवल्यावर पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो. तुमच्या मुलीच्या एका जनुकात जन्मापासूनच बिघाड आहे, त्यामुळे तो निरोप नीट पोचत नाही. हा बिघाड तिला तुमच्याकडून आलाय. तुमच्यातही तोच आहे." मी आईकडे वळले. वीस वर्षं गिळलेलं सगळं आज तिच्या तोंडावर फेकायचं, असं ठरवूनच आले होते. पण ती किल्ली मुठीत आवळून, शाळेत उत्तर न आलेल्या पोरीसारखी डॉक्टरांकडे बघत होती. "डॉक्टर, कॅन्टीनमध्ये माणसं ताटावर हात आडवा धरतात, 'बास, पोट भरलं' म्हणतात," तिने दबकत विचारलं, "ते त्यांना खरंच कळतं? मला वाटायचं, चारचौघांत तसं म्हणायची रीत असते."