हात बसेपर्यंत

सेहेचाळीस साली शेवगावच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. शिकाऊ डॉक्टर शामकांतच्या हातून सकाळी एका शेतकऱ्याचा डोळा कायमचा गेला. “चार डोळे गेल्याशिवाय हात बसत नाही,” मोठे सर्जन पाठीवर थाप मारून म्हणाले. दुपारी टेबलावर त्याचेच वडील निजले. “ऑपरेशन माझ्या मुलालाच करू द्या,” ते अभिमानाने म्हणाले. शामकांत सर्जनांकडे वळला. “सर, अण्णांचं तुम्हीच करा.” सर्जनांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि सुरी उचलली. मोतीबिंदू अलगद निघाला. मग घोडेगावहून बैलगाडीने आलेल्या राहीबाईला आत आणलं. तिचा एक डोळा देवीच्या साथीत गेला होता. “हिचंही मीच करू का?” सर्जनांनी विचारलं. “नको सर, हिचं मी करतो.” “लेकरा, लई पुण्य लागंल तुला,” ती म्हणाली. शामकांतने मान खाली घातली. तिला ते दिसलं नाही.