दरवर्षी एक आठवण

बाबा लढाईत गेले, तेव्हा ती दोन वर्षांची होती. दरवर्षी त्या तारखेला फौजेतले एक काका लंगडत जिना चढून यायचे आणि बाबांची एक नवी आठवण सांगून जायचे. बाबा दाढी करताना शीळ घालायचे, पत्त्यांत हरले की रुसून बसायचे. लहानपणी ती जिवाचा कान करून ऐकायची. नोकरी लागल्यावर कंटाळू लागली. गेल्या वर्षी तर दारातूनच म्हणाली, “काका, आज घाईत आहे. पुढच्या वर्षी ऐकते हं.”

यंदा काका आलेच नाहीत. ती घर शोधत गेली. काकूंनी दार उघडलं. “त्यांना जाऊन दोन महिने झाले गं.”

तिला रडू आवरेना. “बाबांचे एवढे जिवलग मित्र, आणि मी...”

“मित्र कसले? हे दुसऱ्या पलटणीतले. जखमी झालेल्या तुझ्या बाबांना यांनी पाठीवरून आणलं, तेवढीच अर्ध्या तासाची ओळख. ‘लेकीला मी आठवणारसुद्धा नाही,’ असं ते वाटभर म्हणत होते.”

काकूंनी तिला जवळ घेतलं.

“म्हणून तुझ्या बाबांच्या पलटणीतल्या एकेकाचं घर शोधत, तो अधू पाय ओढत हे दरवर्षी जायचे, तुझ्यासाठी एक आठवण मागून आणायला.”