दगड गावचा

१९४६ साल. कोरेगावाजवळच्या त्या गावात वेशीपाशी लढाईचा दगड बसायचा होता. मागल्या लढाईच्या दगडासारखाच हाही. नावं नाहीत, गावातले किती लढायला गेले आणि किती मेले, एवढा नुसता आकडा.

गुंडा पाथरवट मेलेल्यांचा आकडा कोरायला बसला, तोच रंगूबाईनं दगडावर हात ठेवला. "गुंडा, बारा कोर. माझा नाथाजी बर्मात मेला."

"आवं मावशी, सरकारी कागदावर अकराच हायती."

"कागद सरकारचा. दगड गावचा हाय. अकरा कोरायचं आसंल तर आधी माझ्या हातावर छिन्नी चालीव."

उन्हं कलली तरी तिनं हात काढला नाही. शेवटी गुंडानं बारा कोरलं.

दगडाला हार घालायला फौजेतला गोरा साहेब आला. त्यानं हातातला कागद पाहिला, दगड पाहिला आणि पाटलांना विचारलं, खरा आकडा कुठला?

पाटलांचा थोरला लेक त्या अकरांतलाच. त्यांनी एकवार रंगूबाईकडं पाहिलं.

"बारा, सायेब. आमची पोरं आमाला ठावं न्हाईत व्हय?"

साहेबानं हार घातला, टाच आपटली आणि दगडाला कडक सलाम ठोकला.

रंगूबाई ताठ उभी होती. तिचा नाथाजी आझाद हिंद सेनेत होता. ह्याच साहेबाच्या फौजेवर गोळ्या झाडताना तो पडला होता.