दहावा दिवस

राजेश्रीच्या हातातून कुणीतरी फोन हिसकावून घेतला आणि बंद केला.

इकडे मैथिली दवाखान्याच्या जिन्यात फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. राजेश्री ही गावाकडच्या शेजाऱ्यांची नववीतली पोरगी. तिनं घाईघाईत जेवढं सांगितलं तेवढं पुरेसं होतं. अंगणात लय माणसं जमलीत काकू, सुमंगलाआत्या रडायल्यात, बन्सीधरकाका आलेत, पाणी तापायलंय. बन्सीधर हा गावचा न्हावी. आणि आत्यांनी काढलेला गळा तर मैथिलीनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

तिनं बोटं मोजली. सासऱ्यांचा, म्हणजे बापूंचा आवाज ऐकून आज दहावा दिवस होता.

सहा वर्षांच्या वरदला घेऊन ती परभणीच्या या दवाखान्यात आली, त्याला चार महिने होत आले होते. रक्ताचा आजार. औषधानं पोराचे केस गेले, अंगावरचं मांस गेलं, पण डॉक्टर म्हणत होते, पोरगं दाद देतंय, मधेच सोडू नका. देवगाव फाट्याजवळच्या त्यांच्या गावातून मात्र वेगळेच सल्ले यायचे. सुमंगलाआत्या ही बापूंची बहीण, आणि तिचं एकच पालुपद होतं. पोराचे हाल पुरे झाले, त्याला घरी आणा आणि देवाच्या हवाली करा. मैथिलीचा नवरा शंतनु, तोही एकदा त्या सुरात सूर मिसळून बसला. तेव्हा बापूंनी सगळ्यांच्या देखत फोन हातात घेऊन ठणकावलं होतं, "मैथिली, मी जिवंत हाय तोवर तुला कुणी घरी चल म्हणणार न्हाई."

त्या एका वाक्याच्या जोरावर ती आजवर टिकून होती. एरवी मोठ्यानं न बोलणारी ही बाई, पण या वॉर्डात ती सलाइनसाठी भांडली, पंख्यासाठी भांडली, आणि आत्यांना फोनवर सरळ नाही म्हणायला शिकली.

बापू म्हणजे निवृत्त मास्तर. भरघोस पांढरी मिशी, आणि रीतीभातीला एकदम कडक. शंतनुनं कॉलेजात असताना हौसेनं मिशी काढली, तर "बाप मेला का तुझा?" एवढंच विचारून त्यांनी त्याच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं होतं. त्यांच्या घरात बाप असताना मुलाच्या मिशीला वस्तरा लागत नसे.

नातवासमोर मात्र हा कडकपणा कुठल्या कुठे पळायचा. रोज संध्याकाळी त्यांचा वरदला फोन यायचा. केस गेल्यापासून वरद डोक्यावरचा टॉवेल काढत नव्हता. डॉक्टरांसमोर नाही, झोपेतसुद्धा नाही. दहा दिवसांपूर्वी त्यानं फोन चादरीत ओढून घेतला आणि बापूंशी कितीतरी वेळ कुजबुजत राहिला. काय बोललास म्हणून विचारलं, तर सांगेना.

दुसऱ्याच दिवशी शंतनुचा निरोप आला, की बापूंच्या छातीत दुखलं आणि सेलूच्या डॉक्टरनं बोलायला मनाई केलीय. मग रोज तेच उत्तर. बापू झोपलेत. बापूंना आराम सांगितलाय. शंतनु स्वतःही फिरकला नाही. तो कामाला होता त्या जिनिंग मिलवर कापसाचा हंगाम, सुट्टी मिळेना म्हणे.

आता सगळा उलगडा झाला. सगळ्यांनी मिळून तिच्यापासून लपवलं होतं. बापूंचं शेवटचं दर्शनसुद्धा तिला मिळालं नव्हतं, आणि याचा तिला असा संताप आला की रडूच फुटेना. नळावर तोंड धुऊन ती कॉटपाशी परत आली. वरदनं विचारलं, बापूंचा फोन लागला का? ती म्हणाली, रेंज नव्हती रे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळेला, शंतनु वॉर्डच्या दारात उभा राहिला. डोक्याचा गोटा केलेला, मिशी साफ. क्षणभर तिला तो ओळखूच आला नाही. शेजारच्या कॉटवरच्या बायकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं नजर खाली केली.

वरदनं बापाला पाहण्याआधी मैथिली झपाझपा दारापाशी गेली.

"मैथिली, बापूंनी..." शंतनु बोलायला लागला आणि अडखळला. त्याचा हात सारखा ओठावर जात होता.

"इथं न्हाई," ती म्हणाली. "पोराच्या कानावर पडता कामा नये."

"अगं, पण ऐक तर..."

"मला ठाऊक हाय सगळं. आता तुमीच ऐका. मी तेराव्याला येणार न्हाई. आत्यांना सांगा, लोकांना काय बोलायचं ते बोलू द्या. उपचार पुरे होईस्तोवर ही कॉट मी सोडत नसते. मी जिवंत हाय तोवर, असं म्हणाले होते ना बापू? त्यांच्या मागंही त्यांचाच शब्द चालंल. तो आता मी चालवणार."

नवऱ्याशी ती आयुष्यात अशी बोलली नव्हती.

"तेरावं?" शंतनु म्हणाला. "कुणाचं?"

बाहेर वॉचमन कुणावर तरी खेकसत होता, एका पासवर एकच माणूस. त्याला बाजूला सारून एक म्हातारा काठी टेकत आत आला. गुळगुळीत डोकं, सपाट ओठ, एका हातात डबा. मैथिलीच्या शेजारून तो थेट वरदच्या कॉटपाशी गेला आणि धापा टाकत खाली वाकला.

"वरद्या, बापूनं शब्द पाळला बघ," तो म्हणाला. "काढ आता टॉवेल."