रेंज?

भर उन्हात काशीनाथ राजधानीतल्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढून उभा होता. एका हातात निरोप धाडायची त्याची लाडकी डबी, दुसऱ्या हातात बांबूला बांधलेली अँटेना. समोर आर. के. पुरमची कडुनिंबाची झाडं आणि मोठ्या रस्त्यापलीकडे मुनिरकाची एकमेकांच्या अंगावर पडलेली घरं. त्या घरांत कुठंतरी त्याचा मुलगा समाधान होता. असायलाच हवा होता.

सकाळी स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला. समाधानचं नाव तिसऱ्यांदा यादीत नव्हतं. तेव्हापासून फोन बंद, अभ्यासासाठी घेतलेल्या मुनिरकातल्या भाड्याच्या खोलीला बाहेरून कुलूप. पोरगं जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, हे घरात कुणी तोंडानं बोललं नव्हतं. पण त्याची आई नंदा पायात धड चपला न घालता मुनिरकाकडे धावली होती.

राहिली ती डबी. ना सिम, ना टॉवर. दोन डब्या एकमेकींशी थेट बोलतात, चार शब्द लिहा, चार शब्द वाचा. काशीनाथनं रात्ररात्र जागून ती जोडी बनवली होती. असल्या यंत्रांचं त्याला वेडच. शेजारी हसायचे, "पेजर का जमाना गया, काशीनाथजी." समाधानही हसायचा, पण त्याची डबी बॅगेत असायची.

काशीनाथनं पुन्हा लिहिलं, "कुठे आहेस?" पडद्यावर खूण उमटली. पोहोचला.

त्यानं फोन कानाला लावला. "नंदे, दाराला कान लाव. आत टुक असं वाजतं का बघ." त्यानं आणखी एक निरोप सोडला.

"काही नाही वाजत हो," नंदा म्हणाली.

"मग डबी खोलीत नाही. त्याच्याजवळ आहे! वाचतोय तो!"

"मग बोलत का नाही? सकाळपासून एक शब्द नाही त्याचा?"

शब्द आला होता. सकाळी, निकाल घरी कळायच्या आधी, तो गच्चीवर नवी अँटेना बांधत असतानाच डबी वाजली होती. "रेंज?" एवढंच. त्यानं खुशीत लिहून पाठवलं, "५! नवी अँटेना झकास. बिल्कुल साफ येतोस."

हे त्यानं नंदाला सांगितलं.

"अहो, आजवर रेंज कोण विचारायचं? तुम्ही! रोज उठून तुम्ही विचारायचं आणि त्यानं पाचातला आकडा टाकायचा. जेवलास का, हे तरी कधी विचारलंत त्या डबीवर? आज पहिल्यांदा त्यानं आपणहून विचारलं, आणि तुम्ही अँटेनाचं कौतुक सांगत बसलात?"

काशीनाथ टाकीवरच बसला. ढुंगणाला चटका बसला तरी उठवेना. मग त्यानं लिहायचा सपाटा लावला. "परत ये." "परीक्षा गेली खड्ड्यात." "आई रडते आहे." "मी चुकलो रे." प्रत्येकाखाली खूण उमटली. पोहोचला, पोहोचला, पोहोचला. उत्तर नाही. देवाला न मानणारा माणूस, पण आता कुणाला तरी हात जोडावेसे वाटले त्याला.

शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं रोजचंच लिहिलं.

"रेंज?"

वेळ गेला. टाकीत पाणी पडायचा आवाज थांबला. मग डबी वाजली.

"१."

काशीनाथनं पडद्याचा कोपरा पाहिला. पोराचा निरोप पुऱ्या पाच काड्यांनिशी आला होता. एवढ्या जवळून, या अँटेनावर, एक? शक्यच नाही. एरवी त्यानं लगेच सुनावलं असतं: आकडा नीट वाच, बटण तपास. बोटं तशी सवयीनं वळलीही. मग तो थांबला.

समाधान शाळेत असताना दोघं बापलेक कॉलनीभर ही यंत्रं तपासत हिंडायचे. त्यांचा एकच नियम होता. ज्याला कमी येतंय त्यानं जागचं हलायचं नाही. दुसऱ्यानं चालत जवळ जायचं.

त्यानं लिहिलं, "हलू नकोस. मी येतोय."

अँटेना टाकीवर टाकून तो उतरला. जिन्यात गुडघा आपटला. गेटवर चौकीदारानं "क्या हुआ, साब?" म्हटलं, ते त्यानं ऐकलंच नाही. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग तुंबली होती. तो बोनेटांना हात लावत, शिव्या खात मधून निघाला. डबी छातीशी धरली होती. अँटेनाशिवाय पडद्यावर आता जेमतेम दोन काड्या उरल्या होत्या.

मुनिरकाच्या तोंडाशी, जिथून गल्ल्या फुटतात, तिथं तो थांबला. दम लागला होता, घामानं बोटं घसरत होती. कुठल्या गल्लीत शिरायचं ते कळेना. वर पाहिलं तर सगळीकडे गच्च्याच गच्च्या, आणि त्यांच्याकडे बघायचीही भीती वाटत होती. त्यानं लिहिलं, "आता?"

भाजीवाल्याच्या हातगाडीला टेकून तो पडद्याकडे बघत राहिला. खूण उमटली. पोहोचला. लोक त्याला चुकवून जात होते.

डबी वाजली.

"२."

"भाईसाहब, रस्ता छोडो," मागून कुणीतरी ओरडलं. अठ्ठावन्न वर्षांचा काशीनाथ समोरच्या गल्लीत शिरला आणि धावायला लागला.